देव काचघरात गेले

आई, आज सकाळी परसातल्या मांडवावर पहिली काकडी धरलेली दिसली आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

मिलच्या साहेबाच्या बंगल्यात काचेचं घर होतं आणि आपले अण्णा तिथल्या बागेचे कारभारी. मडमेला चहाबरोबर विलायती काकडीच लागे. "सोलापुरात ऊन कमी पडतं व्हय, म्हणून काचेत कोंडलंय?" असं तू विचारायचीस आणि अण्णा हसायचे. काचांना चुना फासून, ओली गोणपाटं टांगूनही ते वेल उन्हाळ्यात माना टाकत. साहेब काचघर मोडायच्या गोष्टी करू लागला. तेव्हा अण्णांनी मंद्रूपच्या गावठी काकडीचा वेल शेजारी लावला, त्याच्या नरफुलाचा पराग विलायती फुलांना स्वतःच्या हातानं लावला आणि मधमाशीनं दुसरा पराग आणू नये म्हणून एकेक फूल दोऱ्यानं बांधलं. सगळी गळली, एकच धरलं. त्या एका फळाच्या बियांतून ऊन सोसणारा नवा वाण निघायचा होता.

तू ऐकलंस आणि म्हणालीस, "पहिलं फळ देवाचं." अण्णांचा घास हातातच राहिला. "अगं, कोवळं कापलं तर बी कुठनं मिळणार? पिवळं होईस्तोवर वेलावरच राहू दे की." "आणि तवर देव उपाशी?" झालं. तू मुकाट्यानं भाकऱ्या थापतेस, अण्णा मुकाट्यानं जेवतात, आणि "आईला म्हणावं, मीठ वाढ" हा निरोप मी हातभर अंतरावर पोचवते.

मग एका सकाळी तू बाळकृष्ण ताम्हनात घेतलास, वर पदर धरलास आणि निघालीस. मी मागोमाग. काचघराच्या दारात अण्णांनी हात आडवा केला. पदराखाली सुरी आहे असंच त्यांना वाटलं असणार. तू वाकून आत गेलीस, वेलाखाली देव ठेवलेस, लोंबत्या काकडीला तुळशीचं पान टेकवलंस. "देवा, नजरेनंच जेवा. हात लावू नका, ह्यांचं बी हाय." अण्णांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "पाणी जपून फिरव, फुलं भिजतील." तू डोळे वटारलेस, पण पाणी जपूनच फिरवलंस.

वाण निघाला, काचघर राहिलं. त्यातलंच मूठभर बी मी सासरी आणलं. विकतचं कधी घेतलं नाही. दरसाल बी धरत गेले तशी काकडी बदलत गेली, कधी आखूड, कधी वाकडी, पण गोड. आजही देव मांडवाखाली नेऊन आणले.

हे पत्र टाकायचं कुठं? तुम्हा दोघांचा पत्ता आता देवालाच ठाऊक. देव्हाऱ्यात, तुझ्या तुळशीच्या माळेखाली ठेवते. शेजारणी विचारतात, वाण कुणाचा? मी सांगते, आमच्या आईचा. तिकडं अण्णांना एवढं मात्र कळू देऊ नकोस.