शुद्धीवर असल्याची साक्ष

खाली सही करणारा मी, वय अठ्ठ्याहत्तर, धंद्याने सुतार, आता हात थरथरतो म्हणून नुसता सुतारकाका, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, मला कोणी फूस लावलेली नाही आणि माझे मन ठिकाणावर आहे. हे शेवटचे वाक्य सगळेच लिहितात आणि पुढे जातात. मला मात्र ते सिद्ध करावे लागणार, कारण मी डोळे मिटताच माझा धाकटा भाऊ म्हणणार आहे की दादाला भ्रम झाला होता. तसे म्हणायला त्याच्याकडे दवाखान्याचा कागदही आहे. म्हणून वकीलसाहेबांनी "काका, आटोपशीर लिहा हं" असे बजावूनही मी जरा ऐसपैस बसून लिहितो आहे.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या आणि मागची कामाची शेड, माझ्या लेकीला. लेक दर रविवारी येते, आल्या आल्या फ्रिज उघडते आणि मग विचारते, "बाबा, कसे आहात?" फ्रिजवरून तिला ते आधीच कळलेले असते. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझी देखभाल करण्याच्या बोलीवर हे घर धाकट्याला दिले होते. तो कागद मी घाबरून केला, आणि तो आज रद्द करतो. कशाला घाबरलो होतो, ते पुढे येईलच.

कलम दुसरे. करवती, रंधे, हातोड्या, गिरमिटे लेकीने एखाद्या काम करणाऱ्या कारागिराला द्यावीत. दिवाणखान्यात शोभेला टांगणाऱ्याला देऊ नयेत, माझा आत्मा तळमळेल. वडिलांची रुंद पटाशी मात्र धाकट्याला. लहानपणी वडील कामाला बसले की माझ्या हातात पटाशी आणि त्याच्या हातात झाडू. "भुसा गोळा कर रे," एवढेच त्याच्या वाट्याला येई. त्याच्या मनात तो भुसा किती साठला, हे घरात कोणाच्या लक्षात आले नाही. आम्ही समजलो, पोरगा जन्मतःच तिरसट. घे रे बाबा ही पटाशी. धार लावून ठेवली आहे, बोट जप.

कलम तिसरे. माझी खरी इस्टेट म्हणजे कविता. मी केलेल्या नव्हेत, शाळेत पाठ केलेल्या. चौथीच्या वर्गात दुपारी उन्हाची तिरीप फळ्यावरून सरकत सरकत दाराकडे निघायची, गुरुजी डोळे मिटून म्हणायचे, "ओढ्याकाठी एकटे झाड, वारा त्याचे पुरवी लाड," आणि आम्ही पोरे मागून अशी काही ओरडायचो की तो वारा वर्गातच शिरावा. जन्मभर मी लाकूड तासले ते त्याच तालावर. या कवितांची वाटणी मी जिवंतपणीच केली. त्या आमच्या वरच्या खोलीतल्या ताईंकडे आहेत. त्या तिथे कशा पोचल्या, ते लिहिल्याशिवाय माझे मन ठिकाणावर असल्याचे कोणाला पटणार नाही.

ताई भाडेकरू म्हणून आल्या. धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीवर होत्या, नोकरी सुटली होती. बोलणे कमी, भाडे वेळेवर. त्या आल्या आणि थोड्याच दिवसांत माझ्या घरातल्या वस्तूंना पाय फुटले. चष्मा साखरेच्या डब्यात, किल्ल्या बुटात, कॅलेंडरची पुढची पाने फाटलेली, गॅसचा खटका उघडा. मी विचारले की ताई हळूच म्हणत, "तुम्हीच ठेवलंत ना मघाशी? मी बघितलं की, काका." एकदा म्हणाल्या, "काल जेवायला बसताना काकूंना हाक मारलीत तुम्ही." बायको जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. मी घाबरलो. पण खरे सांगतो, आत कुठेतरी बरेही वाटले, की हाक मारण्याइतकी ती अजून जवळ आहे.

कोर्टात माझ्यावर वाटणीचा दावा लावून बसलेला धाकटा एकाएकी मायेने घरी येऊ लागला. "दादा, कसं व्हायचं रे तुझं?" त्या भीतीतच मी तो पहिला कागद केला. मग तो मला एका लांबच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या प्रश्नांना मी धसक्याने भलतीच उत्तरे दिली आणि कागदावर भ्रमाची शंका लिहून आली. आता धाकटा म्हणणार, पहिले मृत्युपत्र शहाणपणातले, भ्रम नंतरचा, म्हणून हे दुसरे खोटे.

तेव्हा माझी तर खात्रीच पटली होती की डोके रिते होत चालले आहे. घर कोणाकडेही जाईल, पण कविता? लेकीला दोन ओळी म्हणून दाखवल्या की ती म्हणे, "बाबा, छानच आहे, औषध घेतलंत का?" म्हणून मी ताईंना संध्याकाळी खाली बोलावू लागलो. म्हटले, "माझ्याकडून सांडायच्या आधी तुमच्यात ओतून ठेवतो." त्या कडव्यामागून कडवे पाठ करू लागल्या. चुकल्या की मी गुरुजींसारखी टेबलावर टिचकी मारी. मधेच त्या थांबत आणि खिडकीबाहेर बघत बसत. मला वाटे, अर्थ पोचतोय.

मग एका सकाळी माझा रंधा न्हाणीघरात सापडला, आणि तो पात्यावर उभा होता. सुतार रंधा खाली ठेवतो तो कुशीवर, धार टेकू नये म्हणून. याच चुकीपायी वडिलांनी माझ्या पाठीत इतके धपाटे घातले आहेत की मी झोपेत ठेवला तरी कुशीवरच ठेवीन. मन विसरेल, पण हात कसा विसरेल? तिथेच पालथ्या बादलीवर बसून मी आधी हसलो आणि मग रडलो.

वर गेलो. ताई उशीच्या अभ्र्याला इस्त्री करत होत्या.

"ताई, कधी रंधा धरलाय हातात?"

"नाही हो, काका."

"तरीच. तो कुशीवर निजतो."

इस्त्री होती तिथेच राहिली, अभ्रा जळल्याचा वास सुटला, आणि ताईंनी सगळे सांगून टाकले.

कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर त्या आणि धाकटा शेजारी बसले होते. ओळख ना पाळख. धाकट्याचा माझ्यावर वाटणीचा दावा, ताईंचा कारखान्यावर, कारण मुकादमाने चोरीचा आळ घालून त्यांना काढायला लावले होते. दोघांनाही पुढची तारीख मिळाली होती. रागावलेल्या माणसांची गट्टी लवकर जमते. धाकटा म्हणाला, "तुमचा माणूस मला ओळखत नाही, माझा माणूस तुम्हाला ओळखत नाही. आपण कामं बदलून घेऊ. कोणाला वासही यायचा नाही."

त्याने त्याचे काम आधी उरकले. मुकादमाच्या पिशवीत कारखान्यातल्या चादरी सापडल्या, मुकादमाची नोकरी गेली. ताई मुद्दाम बघायला गेल्या. तो घरी सांगण्याची हिंमत न झाल्याने रोज डबा घेऊन बसस्टॉपवर बसत असे.

"वाटलं होतं, पोटभर हसेन," ताई म्हणाल्या. "पण त्यानं मला बघितलं आणि बाकावर सरकून जागा दिली हो."

"मग तरी माझ्याकडे का आलात?"

"तुमच्या भावानं त्याचं काम केलं होतं. मी माघार घेते म्हटलं तर म्हणाला, चादरींमागे तुम्हीच होतात असं सांगेन. रोज ठरवायचे, उद्या बोलते. आणि तुम्ही रोज उद्याचं कडवं द्यायचात."

मला शिव्या पाठ नाहीत, कविताच पाठ आहेत. म्हटले, "अभ्रा नवा आणून द्या. आणि संध्याकाळी खाली या, सहावं कडवं राहिलंय."

लोक म्हणतील काका भोळा. असेनही. पण जिने माझी शुद्ध पळवली तिनेच ती हातात आणून दिली, आणि बायकोमागे मुक्या झालेल्या या घरात आता संध्याकाळी दोन आवाज असतात. धाकट्याने सूड म्हणून धाडलेले माणूस मला घरच्यासारखे लाभले. त्याबद्दल त्याचे आभार मी इथे लेखी मानतो. तोंडाने मानले तर चिडेल.

कलम चौथे. ताईंनी कारखान्याच्या मालकांसमोर जाऊन चादरींचे खरे सांगितले आणि मुकादमाला काम परत मिळाले. तो ताईंशी बोलत नाही, त्यात त्याचे काही चुकत नाही. माझी हातवाली आरामखुर्ची त्याला द्यावी. सागवानी आहे, दोन पिढ्या टिकेल. कोणी दिली ते सांगू नये.

कलम पाचवे. खोडले आहे. यात वरची खोली ताईंना तहहयात दिली होती. खोडल्याचे कारण असे. आज सगळे जमल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "काका, ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष चालत नाही. एक तर खोली द्या, नाहीतर सही घ्या."

मी म्हटले, "खोलीच देतो. साक्षीला डॉक्टर आहेत की."

"डॉक्टर आजचं सांगतील," ताई म्हणाल्या. "तेव्हाचं कोण सांगणार? त्या दवाखान्याच्या कागदाला खोटं पाडणारी मी सोडून आहे कोण?"

"आणि लिहून दिलंत तर तुमच्यावरच शेकेल. धाकटा सोडेल का?"

"शेकू दे."

"पण उद्या जाल कुठे, ताई?"

"ते माझं मी बघते. खोडा तुम्ही."

मी लेकीकडे पाहिले. तिला वाटले असते तर ती "खोडा" म्हणू शकली असती, त्या साक्षीने घर तिचेच वाचत होते. ती म्हणाली, "बाबा, त्यांचं त्यांना ठरवू द्या." ताईंनीच पेन माझ्या हातात दिले. सगळी हयात सरळ रेघा मारण्यात गेली, आणि ही एक वाकडी गेली. वरची खोलीही आता लेकीकडे जाईल. तिने तिचे काय करावे, ते मी लिहीत नाही, लिहिलेले चालणारही नाही. ती मघापासून वरच्या खोलीच्या गळक्या नळासाठी प्लंबरला फोन लावते आहे, तेवढे मला पुरे.

हे सगळे मी स्वतः लिहिले, वाचले, समजून सही केली. ज्यांनी ज्यांनी मला सांभाळले, आणि ज्यांनी सांभाळायच्या नावाखाली मला बिघडवायला घेतले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

ठिकाण: राहते घर, खालची खोली, जेवणाचे टेबल.
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्याखाली आहे तीच.
सही: सुतारकाका

साक्षीदार पहिला: डॉक्टर, समोरचा दवाखाना. यांना आज तपासले. प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली, दोन कविता न विचारता म्हटल्या. मन स्वस्थ. सही.

साक्षीदार दुसरी: वरच्या खोलीतली भाडेकरू. यांना वेडं ठरवायला मी या घरात आले होते. वस्तू मी हलवत होते. काकूंना त्यांनी हाक मारली नव्हती, ते मी रचलं. हे तेव्हाही शहाणे होते, आजही आहेत. कोर्टात बोलावलं तर हेच सांगेन. या कागदातून मला काही मिळायचं नाही. सही.