बुधवारची मोजणी

ता. १० मार्च, मंगळवार
सायंकाळी ६ वा. २० मि.

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

छापखान्यात पावतीपुस्तकांवर नंबर मारत होतो, तेवढ्यात कॉलेजातून निरोप आला आणि त्या नादात एकच नंबर दोनदा मारला; एक पुस्तक वाया गेलं.

आमच्या बाई म्हणतात, पुढारीपण पुस्तकातून येत नाही; पाच-पाच जणांनी गावचा एक प्रश्न घ्या, त्यावर धोरण लिहा, नगरपालिकेपुढे मांडा. सात वर्षांनी शिकायला बसलो म्हणून वर्गातली पोरं मला काका म्हणतात, त्यामुळे गटप्रमुखही मीच. शाळेच्या गल्लीत दिवसा मालवाहू गाड्यांना बंदी घाला, असं आम्ही लिहिलं. सुट्टीच्या दिवशी सात ते सात उभा राहून मी गाड्या मोजल्या. फक्त चार. म्हणून 'कुणाचेही नुकसान नाही' हे वाक्य माझंच.

ताई, पालिकेने ते चक्क मंजूर केलं! एक तारखेपासून बंदी. आम्हाला नुसते गुण हवे होते गं. भाऊजींना सांग, मेहुणा पुढारी झाला.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझा धाकटा


ता. १४ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. ह्यांचा घास हातातच राहिला. अरे शहाण्या, त्या गल्लीच्या टोकाला गोदाम आहे आणि हे रोज टेम्पोने तिथेच माल उतरवतात! चूल कशावर पेटवू, तुझ्या गुणांवर? बुधवारी मोजल्यास ना? तुझी सुट्टी बुधवारी, तशी गोदामाचीही. लहानपणी रेघ वाकडी गेली तर रडायचास, आणि इथे अख्खा वार चुकलास.

हे रागावले असते तर बरं होतं. टेम्पो विकायला गिऱ्हाईक शोधताहेत.

रागावले आहे, तरी तुझीच,
ताई


ता. २० मार्च, शुक्रवार

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल रजा टाकून पुन्हा मोजलं. त्रेपन्न! डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यात शाळा सुटताना रिव्हर्स येणाऱ्या एका टेम्पोखाली एका मुलीचं दप्तर गेलं. ती हातभर अंतराने वाचली. टेम्पो भाऊजींचा नव्हता, तरी नंबर मी दोनदा वाचला. चूक सुधारायला गेलो, तर खऱ्या आकड्याने बंदीचंच पारडं जड केलं.

गटातली मुलगी म्हणाली, काका, गप्प बसा, गुण जातील. बाई म्हणाल्या, चूक तुमची, तेव्हा तोंडही तुम्हीच उघडा. आज पालिकेत उभा राहिलो. वार चुकल्याचं सांगितलं, त्रेपन्न सांगितले, दप्तराचंही सांगितलं. साहेबांनी विचारलं, मग तुम्ही कुणाच्या बाजूने? मी म्हटलं, चालकांना आम्ही विचारलंच नव्हतं.

ठराव थांबवलाय. पुढच्या शुक्रवारी तीनला चालकांना बोलावलंय. गटाला वाटतं, कुणी फिरकणार नाही.

टेम्पो विकू देऊ नकोस. भाऊजींना पाठव. शाळा भरताना-सुटताना गाड्या थांबाव्यात, एरवी चालाव्यात, असं मला वाटतं. पण गाडी त्यांची आहे. त्यांना काय वाटतं ते न विचारताच एकदा लिहून बसलो. माझ्याविरुद्ध बोलले तरी चालेल. मी दोनपासून पालिकेच्या दारात उभा असेन.

माया असू दे. ओरडायचं ते समोर येऊन ओरड.
तुझा धाकटा