रंगवलेली आई

हैदराबाद

प्रिय मनकर्णाआक्का,

म्हणजे फोटो नासला तो माझ्याच हातानं, असंच ना? दिनकर गुरुजींकडून दोन पानं लिहवून घेतलीस, त्यात वरचं 'सगळे खुशाल' एवढंच काय ते गोड. बाकी नुसती माझी धुलाई. 'आई मागितली तर कुण्या सावकाराची बायको पाठवलीस' हे लिहायला गुरुजींचा हात तरी कसा धजला? तिकडं गावात, झरीत बसून बोलायला काही लागत नाही, आक्का. पोळ्याला घरी आलो तेव्हा ट्रंकेतून आईचा, ती गेल्यावर उरलेला तो एकच फोटो काढून तूच माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "लय फिका पडायलाय रे सुग्र्या, काही करता येतंय का बघ." मग मी केलं.

काय केलं ते आधी ऐक, मग भांड. हॉटेल झालं, छापखाना झाला, सायकलचं दुकान झालं, मी कुठंच टिकलो नाही हे तू सगळ्या गावाला सांगितलंच आहेस. व्यंकटरावांच्या स्टुडिओत मात्र टिकलोय. आता मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, तर आपल्याकडचे कारकून इथून बिऱ्हाडं हलवायलेत आणि जायच्या आधी सगळ्यांना बायकापोरांसोबत फोटो पाहिजे. रंगाचं काम माझ्याकडं. फोटोच्या पाठीवर मालक पेन्सिलीनं लिहून देतात, लुगडं अंजिरी, काठ पिवळा. मी काडीला कापूस गुंडाळून रंग लावतो, गालाला तर इतका पातळ की फुंकर मारावी तसा. आईच्या फोटोच्या पाठीवर कुणी काही लिहिलेलं नव्हतं. काळ्यापांढऱ्यात लाल लुगडं आणि हिरवं लुगडं एकसारखंच दिसतं. मी हिरवं धरलं. कान रिकामे होते, त्यात झुबे घातले. इथं रिकाम्या कानाच्या बाया येतात आणि फोटोत झुबे बघून हसत घरी जातात. मला पिवळ्याचे दोन थेंब लागतात, आपल्या बापूला बायकोसाठी सगळ्या जन्मात जमलं नाही ते. आणि कडेला एक काळपट डाग होता, तो बरा दिसेना म्हणून त्याच्यावर गुलाबाची कुंडी काढली.

पण रंगाच्या आधी चेहरा साफ करावा लागतो. देवीचे व्रण, तीळ, गोंदण, सगळं बारीक पात्यानं खरवडायचं आणि वरून पेन्सिल फिरवायची. शहरातल्या बाया तर स्वतः सांगतात, हे खेड्यातले ठिपके तेवढे काढा. हाताला इतकी सवय झालीय की आईच्या हनुवटीवरच्या गोंदणावर पातं कधी फिरलं, मला कळलंसुद्धा नाही.

तुझं पत्र वाचून मी रागानं पेटीत टाकलं होतं. तू लिहिलंस, बापूनं फोटो उजेडाला दारात नेला, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय म्हणून दुसऱ्या डोळ्याशी धरला, आईच्या हनुवटीवरून अंगठा फिरवला आणि कणगीवर पालथा ठेवून दिला. एवढंच बोलला, "तिचं व्हतं ते काढलं, नव्हतं ते घातलं." आणि कुंडीचंही तूच लिहिलंस. आईचा फोटो काढला तेव्हा जत्रेतल्या तंबूत वारं होतं, मागचा पडदा फडफडत होता, फोटोवाल्यानं बापूला तो धरायला लावला. तो कडेचा काळपट डाग म्हणजे घोंगडीतला बापूचा हात. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं गं.

परवा एका बाईच्या फोटोवर पातं धरलं तर हात पुढं जाईना. तुझं गोंदण आठवलं. अंगणात गोणपाटावर तू बसलेली, आईनं तुझं डोकं मांडीत दाबून धरलेलं, आणि गोंदणारणीला ती सांगायली, "माह्यासारखंच काढ, एक ठिपका इकडं-तिकडं नगं." तू बोंबलत होतीस, मी तुझी नक्कल करत भोवती नाचत होतो. आई तुला म्हणाली होती, दागिने हितं राहत्यात पोरी, वर जाताना हे तेवढं संगं येतं. मला वाटलं, तुला गप करायला म्हणायलीय.

फोटो परत पाठव. रंगाची काळजी नाही. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं हिरवं निघेल, झुबे निघतील, कुंडी निघेल आणि खाली बापूचा हात होता तसा सापडेल. खरवडलेलं मात्र परत येत नाही, आणि ज्या काचेवरून दुसरी प्रत निघते ती त्या जत्रेतल्या फोटोवाल्याची काच आता कुठून आणू? ते ठिपके मलाच ब्रशनं काढायचेत. (गुरुजी, इथून पुढचं बापूसमोर वाचू नका.) काल सबंध दुपार कोऱ्या कागदावर काढून बघितले. आक्का, मला ते आठवत नाहीत. तीन होते का पाच, मधला मोठा होता का, काही नाही. डोळे मिटले की मीच रंगवलेली आई समोर येते.

ते आता फक्त तुझ्या हनुवटीवर आहेत. म्हणून हे पत्र. परभणीला जा आणि स्टेशनाजवळ जो कुणी फोटोवाला असेल त्याच्याकडून तुझा फोटो काढून घे आणि मला पाठव. पावडर लावू नकोस. पदर खाली ओढू नकोस. हनुवटी उजेडाकडं कर आणि त्याला बजावून सांग, काही साफ करायचं नाही. फोटोनं आयुष्य कमी होतं असलं काही काढू नकोस, आणि वैजीनाथ दाजी हा काय नवा शौक म्हणाले तर सांग, बापूच्या डोळ्याचं औषध आहे. त्याची उरलेली नजर आहे तोवर मला आई पुरी करायचीय. बापूलाही सोबत ने. वारं असलं तर पडदा धरायला होईल.

तुझाच,
सुग्रीव

ता. क. मनीऑर्डर वेगळी येईल. त्यातलं काही मिठामिरचीत घालशील तर बघ. तुला खरे झुबे करायचे म्हणून बाजूला टाकत होतो, ते आधी ह्याला लागू देत. बारा रुपये.