अंगावर पितंय तोवर

रिहे, १४ एप्रिल १९६२
ट्रेनिंगला नंबर लागला! पुणे, दोन वर्षं, जूनपासून. कागद तीनदा वाचला. चौथ्यांदा ह्यांना वाचून दाखवला तर म्हणाले, "आता गावभर दवंडी देतेस का?" देईन की. सहा वर्षं बिनट्रेनिंगची म्हणून 'कच्ची मास्तरीण' ऐकून घेतलंय. नंदू दहा महिन्यांचा. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. पोराला मी बगती."

१९ एप्रिल
पत्र्याची ट्रंक आणली, निळी. नंदू दोन दिवस अंगावर पीत नाही. तोंड लावतो, फिरवतो, भोकाड पसरतो. म्हटलं बरंच झालं, जूनच्या आत सुटेल.

२२ एप्रिल
नंदूला दाखवायला सखू सुईणीला बोलावलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दूध बदललंय. पोराला कळलं, तुला न्हाई व्हय कळलं?"
मी हसले. नंदू झाल्यापासून एकदाही बाहेर बसले नाही, दिवस राहतील कसे? सासूबाईंनीच सांगितलेलं, "अंगावर पितंय तवर भ्या न्हाई."
सखूनं पोट चाचपलं. म्हणाली, तीन महिने सरत आले.

२३ एप्रिल
राग राग. ह्यांचा, सासूबाईंचा, सगळ्यात जास्त माझा. सातवी पास आणि अक्कल गहाण. हे मिशीत हसत होते. पण खरं लिहायचं तर हसू मलाही येतंय अधूनमधून. नंदूला बहीण झाली तर...
पण ट्रेनिंग सोडणार नाही. मेले तरी नाही.

२६ एप्रिल
शाळेच्या ओट्यावर दुपारी बाया जमतात. त्यांनाही मी तेच सांगत आले, पाजताय तोवर बिनघोर राहा. बाई सांगते म्हणून ऐकायच्या बिचाऱ्या. आज उभी राहिले, म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं. हे बघा माझंच काय झालं ते." सगळ्या खो खो हसल्या. पारू हसली नाही. तिचं सहा महिन्यांचं मांडीवर पीत होतं. "बाई, मंजी माजं बी..."
उद्या सखूला घेऊन तिच्याकडे जायचंय.

२८ एप्रिल
ट्रेनिंग कॉलेजच्या मोठ्या बाईंना पत्र टाकलं. लपवलं काही नाही. हिशेब झक्क जमलाय: ऐन दिवाळीत बाळंत, सुट्टी धरून सवा महिना, की परत वर्गात. हे म्हणाले, "पोराला कळवलीस का तारीख?"
पारूचंही तेच निघालं. रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं नको होतं.

६ मे
सासूबाई चुलीपुढनं उठून आल्या. "मी बोलले म्हनून झालं. आता मीच येती पुन्याला. वसतिगृह ऱ्हाऊ दे, खोली बगा. दोन्ही लेकरं मी संबाळती." पौडापुढं कधी गेलेल्या नाहीत ह्या!
पुण्याचं उत्तर अजून नाही. ट्रंकेत खाली माझी पुस्तकं, वर त्यांची दोन लुगडी. झाकण बसेना, मग दोघी वर बसलो आणि कडी लावली.