आडवी फांदी

मु. पाली,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८५९

प्रिय कुंडलिक,

अनेक आशीर्वाद. तू काढलेला फोटो पोचला. तुझ्या आईनं तो देवळीत ठेवला होता, येईल त्याला दाखवायला. मी तो उचलून भाताच्या कणगीत पुरला.

दिवाळीत तू पुठ्ठ्याची चौकट डोळ्यापुढं धरून गावभर हिंडलास. बाया विचारायच्या, सोनबाचा ल्योक म्हस हेरतोय का बायकू? मला हसू यायचं. पुण्याला फोटोच्या दुकानात राहून तू धडे गिरवतोस, मास्तरांच्या पुस्तकातले साहेब लोकांचे बर्फाचे डोंगर पातळ कागदावर उतरवून घेतोस, आभाळ किती नि जमीन किती ते मापतोस, याचं मला कौतुकच होतं. देवराईच्या कडेला उभं करून ती चौकट तू माझ्याही हातात दिलीस. विचारलंस, आबा, गडाचा बालेकिल्ला दिसतो का? मला पानंच दिसली. जुन्या हिरड्याची फांदी आडवी होती. मी म्हणालो, थोडा बाजूला सरक की. तू म्हणालास, तिथून खालची भातखाचरं चौकटीत येत नाहीत. दुसऱ्या दिवशी तू एकटाच फोटो काढायला गेलास. त्या दिवशी मला घरात कोयता सापडेना.

तू पुण्याला गेलास आणि फांदी तुटलेली दिसली. आपल्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला आणत नाही, हे तुला काय सांगायचं. सगळ्यांनी भिमा धनगराचं नाव घेतलं. शेळ्यांना पाला लागतो, दुसरं कोण तोडणार? मीही मान डोलावली. भिमा आला तो ओट्याखालीच उभा राहिला. म्हणाला, "सोनबादादा, तुमी मला ल्हानपणापासनं बघताय. म्या देवाच्या रानात कोयता न्हेईन व्हय?" मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आणि मग तुझा फोटो आला. फांदीच्या जागी मोकळं आभाळ, त्यात बालेकिल्ला, खाली खाचरं. मास्तरांनी पाठ थोपटली, असं लिहिलंस. नको ते चौकटीबाहेर काढायचं, हा त्यांचा धडा, म्हणतोस. अरे, ते पाय हलवून काढायचं असेल. तू कोयत्यानं काढलंस. फोटो सुरेख आहे, आणि त्या सुरेखपणाचीच मला शिसारी येते. हेच शिकायला तुला धाडलं होतं का?

अमावास्येला गावकी बसायची आहे. भिमाची जनावरं देवराईतल्या झऱ्यावर येऊ द्यायची नाहीत, असं घाटतंय. चैत्रात त्याच्या धनगरवाड्याजवळ दुसरं पाणी नसतं. म्हणून हे पत्र. अमावास्येच्या आत ये. आधी भिमाच्या पाया पड, मग गावापुढं आपल्या तोंडानं सांग. मी शेजारी उभा राहीन, गाव बोलेल ते दोघं ऐकू. नाही आलास तर कणगीतला फोटो मीच गावकीपुढं ठेवीन. मला बोलावं लागणार नाही. त्या जागेवरून बालेकिल्ला कधी दिसत नव्हता, हे सगळ्या पालीला माहीत आहे. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही. फोटो कुठं ठेवलात, म्हणून ती रोज विचारते.

तुझाच बाप,
सोनबा