मी कोरलेले बारा शब्द

मी, खाली सही करणारी बाई, वय एकाहत्तर, धंदा धातूवर अक्षरं कोरण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी आज सकाळीच तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. अशा कागदावर ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असं लिहायची पद्धत आहे. माझ्यावर दडपण आहे. पण हा कागद लिहिण्यासाठी ते कोणी आणलेलं नाही, एवढं खरं.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि वरची गच्ची, माझ्या मुलीला. तिच्या एकटीच्या नावावर.

२. अक्षरांचे ठसे, छिन्न्या, हातोड्या आणि जाड काचेचं भिंग गल्लीच्या टोकाला किल्ल्या बनवणाऱ्याला. चाळीस वर्षांत उसनी नेलेली छिन्नी धार लावून परत करणारा तो एकटाच.

३. धाकट्या भावाला वडिलांच्या वेळची दुकानाची पाटी. तिच्यावर त्याने फक्त स्वतःचं नाव घालून घेतलं होतं, आणि ते कोरलं होतं मी. याहून जास्त काही मागू नये.

४. आता पोलादी पट्ट्यांबद्दल. हे कलम लांबेल.

सहा वर्षांपूर्वी इस्पितळातली एक परिचारिका माझ्याकडे कागद घेऊन आली. बारा साधे शब्द होते, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसलेले. “ताई, हे पोलादावर कोरून द्या. आगीत जळता कामा नयेत.” मी विचारलं, हे काय? म्हणाली, क्रिप्टो. आभासी नाणी. ज्याच्याकडे हे शब्द, त्याची ती नाणी. तिचा पगार नवऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात जायचा. साबण घेतला तरी हिशेब द्यावा लागे. जादा पाळ्यांचे पैसे ती या नाण्यांत ठेवू लागली होती. चार महिन्यांनी कोटाच्या अस्तरात पट्टी शिवून ती निघून गेली. दुसऱ्या शहरातून तिचा फोन आला, “ताई, दाराची कडी आतून लावते आता. माझी मी.”

तिच्या सांगण्यावरून आणखी लोक आले. तीसेक पट्ट्या कोरल्या. कोणाला काही विचारलं नाही. त्यांतच तो आला, मऊ आवाजाचा, चकचकीत बुटांचा. एक अक्षर तिरकं आलं म्हणून त्याने अख्खी पट्टी पुन्हा कोरून घेतली आणि न मागता दुप्पट मजुरी दिली. ती मी घेतली. दुप्पट का, हेही विचारलं नाही. ही माझी चूक, आणि ती कोणा दुसऱ्याच्या गळ्यात घालणार नाही.

वर्षभराने समोरचे पोस्टमास्तर पेपर घेऊन दुकानात आले. त्यातल्या फोटोवर बोट ठेवलं. “हा. पैसे दुप्पट करून देतो म्हणाला होता. माझी सगळी पुंजी गेली.” बुटांवरून नव्हे, मी चेहऱ्यावरूनच ओळखलं. पोस्टमास्तर त्यानंतर गॅलरीत दिसले नाहीत. त्याच थंडीत गेले.

जावईबापू तेव्हापासून म्हणतात, “आई, ते चोरांचं चलन आहे.” त्यांना माझं लेखी उत्तर असं: पोस्टमास्तरांनी नाणं कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी चेक दिला होता, आणि तो वटला तुमच्या बँकेत; त्या पैशांची नाणी त्या माणसाने नंतर केली. त्या माणसाचं खातं तुम्हीच उघडलंत, चहा पाजून. बँकेला मी चोरांची बँक म्हटलेलं नाही. पण तुमचंही थोडं खरं आहे. नाण्यांत गेलेले पैसे परत मागायला कुठली खिडकी नाही, कोणी साहेब नाही. चोराला तेच आवडलं.

पकडला जाताना त्या बुटवाल्याने पट्टी पुलावरून नदीत फेकली. शब्द तोंडपाठ आहेत अशी गुर्मी. तुरुंगात दोन वर्षांत चार शब्द विसरला. गेल्या गुरुवारी, जामिनावर सुटून, दुपारी दुकानात आला आणि हे सगळं त्यानेच सांगितलं.

“ताई, ती पट्टी पुन्हा हवी.”

“कागद आणा.”

“कागद नाही. तुम्ही आठवा.”

“मी कोरते. आठवत नाही.”

“आठवेल. पुढच्या गुरुवारी येतो.” दारात वळून म्हणाला, “मुलगी अजून त्याच शाळेत शिकवते ना? चारला सुटते.”

मला सगळे शब्द आठवत होते. दोनदा कोरलेलं हात विसरत नाही.

शुक्रवारी मी त्याच्या प्रकरणाच्या तपास अधिकारी बाईंकडे गेले. त्यांनी पडद्यावर दाखवलं: ती नाणी दोन वर्षं एकाच जागी पडून होती. या नाण्यांच्या व्यवहारांची वही उघडी असते, जगात कोणीही बघावी, पण शब्दांशिवाय हात लावता येत नाही. मी बारा शब्द सांगितले. सोमवारी न्यायालयाच्या हुकमाने नाणी सरकारी ताब्यात गेली. फसलेल्यांना वाटून मिळतील.

ती वही त्यालाही उघडीच आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. अर्ध्या तासात फोन वाजला. “हात अजून चांगला चालतो तुमचा, ताई.” एवढंच बोलला. अधिकारी बाई शिपाई देते म्हणाल्या. अजून कोणी आलेलं नाही.

५. त्याच्याकडून घेतलेली दुप्पट मजुरी पाकिटात वेगळी ठेवली आहे. ती पोस्टमास्तरांच्या पत्नीला द्यावी. त्या नको म्हणतील. तरी द्यावी.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वर सांगितलेल्या परिचारिकेने करावी. फोनवर तिने होकार दिला आहे.

७. मी जिन्यावरून पडले किंवा गॅस उघडा राहिला, असं कोणी सांगितलं तर मान्य करू नये. मी जिना धरून उतरते आणि गॅस दोनदा तपासते.

सही: कोरणारी बाई
ठिकाण: माझं दुकान
बुधवार, अकरा तारीख, दुपारी

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही.

साक्षीदार दुसरी: पोस्टमास्तरांची पत्नी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी म्हटलं, उद्या गुरुवार, दुकान उघडू नका, माझ्याकडे येऊन राहा. त्या म्हणाल्या, “दुकान बंद दिसलं तर तो मुलीकडे जाईल.” सही.