मी सुचवलेला शब्द

अल-खोबर, सौदी अरेबिया,
सोमवार, १० मे २००४

प्रिय विवेक,

फोन केला की तू मीटिंगचं निमित्त सांगून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र कंपनीच्या बसवाल्याबरोबर जुबैलला तुझ्या प्लँटवर पाठवते आहे. आधीच सांगते, मी भयंकर चिडले आहे. डोकं शांत होईल म्हणून दोन दिवस थांबले, पण ते काही झालं नाही.

२९ एप्रिलच्या गुरुवारी तू प्लँटमधल्या आगीचा रिपोर्ट टाइप करायला दिलास. नेहमीप्रमाणे मी तुझं इंग्रजी नीट केलं. आग कशाने लागली हे तू दोन ओळी भरून लिहिलं होतंस, तिथे 'सोर्स ऑफ इग्निशन' हे मी घातलं. वर तुला ऐकवलं, की हा शब्द लॅटिन 'इग्निस'वरून आला, इग्निस म्हणजे आग, आणि आपला अग्नी त्याचा सख्खा भाऊ. शाळा सोडून सहा वर्षं झाली तरी माझ्यातली संस्कृतची बाई काही जात नाही. तू हसलास, चहा मागितलास. त्या शब्दापुढे 'हेल्पर हाशिरचा लायटर' हेही मीच टाइप केलं. शब्दाची कुळकथा सांगणारीने माणसाची साधी चौकशी केली नाही.

या गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीत तू ड्यूटी लावून घेतलीस, घरी आलाच नाहीस. शनिवारी अबाया चढवून दुधाला खाली उतरले तेव्हा कळलं, की हाशिर हा आपल्या बकाल्यातल्या, खालच्या किराणा दुकानातल्या, शौकतभाईंचा धाकटा भाऊ. आठ दिवस कोठडीत आहे. तुमच्या गेटवर सगळ्यांचे लायटर काढून घेतात आणि नंबरचा बिल्ला देतात, तो परत केला की लायटर मिळतो. त्याचा बिल्ला शौकतभाईंनी मला दाखवला. म्हणजे लायटर आगीच्या दिवसापासून गेटवरच पडून आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस तू, आणि तीही माझ्या हातून.

घरी येऊन तुझा हाताने लिहिलेला मसुदा काढला. खोडलेली ओळ अजून वाचता येते: पाइप कापायचा परवाना गॅस न तपासता दिला. त्यावर सही तुझी. खरं सांगू, टाइप करतानाही ती ओळ मी पाहिली होती. तुझी नोकरी, इथे राहायचा इकामा, आपल्या शर्विलची शाळा, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी पुढची ओळ घेतली. त्यामुळे निम्मा राग माझ्यावर आहे.

तो कागद आज सकाळी मी शौकतभाईंना दिला. बुधवारी ते तो पोलिसांपुढे ठेवणार आहेत. ते तर लगेच निघाले होते, हे दोन दिवस मी तुझ्यासाठी मागून घेतले. त्याआधी तू स्वतः जाऊन खरं सांग. इकामा गेला तर जाऊ दे, मी बॅगा भरायला घेतल्या आहेत. नाही गेलास, तर त्या दोघांच्याच असतील, शर्विलच्या आणि माझ्या.

तुझीच, म्हणून आधी तुला कळवणारी,
निवेदिता